लाच देणारा सापडला, घेणारा सापडेना
(उद्योगातून सभागृहात : लेखांक चौथा)

पॅसिफिक रेल्वेसाठी अमेरिकी सरकारने सढळ हाताने मदत केली, हे मागच्या लेखांकात आले. सपाट प्रदेशात मैलामागे १६ हजार डॉलरचे सरकारी कर्जरोखे, डोंगराळ भागात ४८ हजारांचे, शिवाय जमिनी. हा पैसा कोणत्या वाटेने गेला, ते ओक्स एम्स यांच्या चरित्रात दिसते. एम्स हे मॅसॅच्युसेट्समधील ईस्टनचे कारखानदार. १८४४मध्ये वडिलांनी फावड्यांचा कारखाना ओक्स आणि ऑलिव्हर या मुलांच्या हवाली केला. पुढे कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली, मग यादवी युद्ध आले. दोन्हीकडे खणायला फावडी लागत होती आणि एम्स बंधूंची भरभराट झाली. १८६३पासून ओक्स प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते.

युनियन पॅसिफिक रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट ‘क्रेडिट मोबिलिए’ या कंपनीच्या मंडळींकडे गेले आणि दोन्ही कंपन्यांचे सूत्रधार बहुतांशी एकच होते. काम देणारे तेच, घेणारेही तेच. मग दराची घासाघीस करणार कोण? खर्चाचे आकडे फुगले आणि वरचा पैसा लाभांश म्हणून भागधारकांना मिळाला. १८६७-६८च्या हिवाळ्यात एम्स यांनी या कंपनीचे शेअर सहकारी खासदारांना शंभर डॉलरच्या दर्शनी किमतीला देऊ केले. त्यांचे खरे मोल याहून कितीतरी जास्त होते. काहींनी तर आधी पैसेही मोजले नाहीत. शेअरची किंमत त्याच शेअरच्या लाभांशातून वळती करून घेतली गेली.

एम्स यांचा बचाव असा, की रेल्वेचे कायदे १८६२ आणि १८६४मध्येच झाले होते, मग लाच कशासाठी द्यायची? हा मुद्दा वजनदार आहे, पण पुरेसा नाही. कायदा झाला म्हणून सभागृहाचे अधिकार संपत नाहीत. रेल्वेच्या दरांवर सरकारी नियंत्रण आणण्याची मागणी त्याच सुमारास काँग्रेसमध्ये पुढे आली होती आणि काँग्रेसमध्ये आपल्याला मित्र हवेत, असे एम्स यांनीच पत्रात लिहिले होते. अशा माणसांनी स्वतःचा पैसा आणि पत पणाला लावली नसती, तर १८६९मध्ये रूळ जोडले गेले नसते, हा दुसरा आक्षेप. तेही मान्य, पण साहस केल्याने व्यवसायातला नफा मिळवण्याचा हक्क येतो, तो मिळवून देणाऱ्या सभागृहात भागीदार नेमण्याचा येत नाही.

१८७२मध्ये ‘न्यूयॉर्क सन’ने प्रकरण चव्हाट्यावर आणले. चौकशी समितीने एम्स यांच्या हकालपट्टीची शिफारस केली. सभागृहाने २७ फेब्रुवारी १८७३ रोजी १८२ विरुद्ध ३६ मतांनी केवळ निर्भर्त्सना केली. डेमोक्रॅट जेम्स ब्रुक्स यांच्यावरही ठपका आला. पण शेअर घेतलेले बाकीचे खासदार नामानिराळे राहिले. यादीत नाव आलेले जेम्स गारफिल्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. एम्स मात्र त्याच वर्षी ८ मे रोजी वारले. १८८३मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ठराव करून त्यांना निर्दोष ठरवले. दोन्ही ठराव चुकीचे होते. पहिल्याने सगळ्या सभागृहाचा दोष मुख्यतः एका माणसाच्या माथी मारला आणि दुसऱ्याने तो दोषच पुसून टाकला.