गर्भवतीची धाप

गर्भवती स्त्रीला जिना चढताना, पाण्याची बादली उचलताना किंवा नुसते बोलता बोलता धाप लागते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिला धीर देतात, की पोट वाढले म्हणजे दम लागायचाच. हे समाधान पुष्कळ अंशी खरे असले तरी पुरेसे नाही. ही धाप अनेकदा पोट दिसू लागण्यापूर्वीच सुरू होते. आणि कधी कधी तिचे कारण गर्भ नसून निराळेच असते. कोणती धाप निश्चिंतपणे सोसावी आणि कोणती मुळीच सोसू नये, हा भेद माता व मूल या दोघांच्याही जिवाशी निगडित आहे. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांत, जेथे हिवाळ्यात हवाच दूषित होते, तेथे हा भेद ओळखणे अधिकच कठीण होऊन बसते.

प्रथम नैसर्गिक धापेचा विचार करू. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते व ते मेंदूतील श्वसनकेंद्राला उत्तेजन देते. स्त्री मिनिटाला पूर्वीइतकेच श्वास घेते, परंतु प्रत्येक श्वास अधिक खोल असतो. एरवी विश्रांतीच्या अवस्थेत ती मिनिटाला सुमारे 7.5 लिटर हवा आत घेत असेल, तर आता सुमारे 10.5 लिटर घेते. यामुळे तिच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी होते. ही योजना अर्थपूर्ण आहे. गर्भाला स्वतःचा श्वास नसतो. त्याच्या शरीरात तयार होणारा हा वायू वारेतून मातेच्या रक्तात उतरावा लागतो, आणि मातेच्या रक्तात तो कमी असेल तरच हे सुलभतेने घडते. म्हणजे स्त्रीला जी धाप वाटते, ती बव्हंशी हवेची उणीव नसून वाढलेल्या श्वसनाची जाणीव होय. शंभरांपैकी साठ-सत्तर गर्भवतींना ती केव्हा ना केव्हा होते.

पुढे गर्भाशय वाढू लागले, की छाती व पोट यांमधील श्वासपटल सुमारे 4 सेंटिमीटर वर ढकलले जाते. बरगड्या बाजूंना फाकून छातीचा घेर वाढतो व ही उणीव बरीचशी भरून निघते. पहिलटकरणीच्या बाबतीत प्रसूतीपूर्वी काही आठवडे बाळाचे डोके कटिभागात उतरते. तेव्हा श्वासाला मोकळीक मिळून तिला हलके वाटू लागते.

अशा धापेवर औषध नाही व त्याची गरजही नाही. थोडी युक्ती पुरते. ताठ बसावे, खांदे सैल सोडावेत. झोपताना पाठीशी व डोक्याखाली उशा घ्याव्यात आणि डाव्या कुशीवर निजावे. उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो. काम थांबत थांबत करावे. दम लागला, तर नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा. श्वास रोखून धरण्याचे व जोरजोराने सोडण्याचे प्राणायामाचे प्रकार मात्र या काळात वर्ज्य समजावेत.

दुसरे कारण रक्तक्षयाचे. गर्भारपणात रक्तातील द्रवभाग तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढतो, त्यामुळे रक्त थोडे पातळ होणे स्वाभाविक आहे. परंतु हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले, की तो रक्तक्षय होय. 7 च्या खाली तो तीव्र मानतात. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. या रोगाच्या अभ्यासात मुंबईचेही स्थान आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टरांनी 1928 नंतर तेथील गिरणी-कामगार स्त्रियांमधील गर्भारपणीच्या रक्तक्षयाचे संशोधन केले आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आज सरकारी दवाखान्यांत गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस रोज लोह व फॉलिक आम्लाची गोळी विनामूल्य दिली जाते. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबू वा आवळा यांच्या सोबतीने लोह अधिक शोषले जाते. शौच काळे होते म्हणून भिऊन ती सोडू नये.

तिसरे कारण हवेचे. दिवाळीच्या सुमारास वारा मंदावतो, थंड हवा जमिनीलगत साचते, आणि वाहने, कारखाने, बांधकामे व शेतातील जाळलेला पेंढा यांचा धूर तिच्यात कोंडून राहतो. 2.5 मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. वर सांगितल्याप्रमाणे गर्भवती अधिक हवा आत घेते; साहजिकच हे कणही तिच्या शरीरात अधिक जातात. अशा हवेचा संबंध बाळाचे वजन कमी भरण्याशी असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून हवेचा निर्देशांक 400 च्या वर असेल, त्या दिवशी पहाटेचे फिरणे टाळावे, खिडक्या लावून घ्याव्यात, घरात उदबत्ती व धूप जाळू नये. बाहेर जाणे भागच असेल, तर कापडी रुमालाऐवजी एन-95 मुखपट्टी वापरावी. दमा असलेल्या स्त्रीने बाळाच्या काळजीने श्वासावाटे घ्यायचे औषध स्वतःहून बंद करू नये. अनियंत्रित दमा त्या औषधापेक्षा बाळाला अधिक घातक असतो.

उरते ती धोक्याची धाप. बसल्या जागीही दम लागणे, तो एकाएकी उद्भवणे, उताणे निजताच श्वास कोंडणे किंवा रात्री गुदमरून जाग येणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, ओठ निळे पडणे, भोवळ, एकाच पायाला सूज, चेहरा सुजून डोके दुखणे व दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही आढळल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी 102 किंवा 108 हे क्रमांक आहेत. लहानपणच्या सांधेज्वराने हृदयाची झडप अरुंद झालेल्या स्त्रीचा आजार अनेकदा पहिल्या गर्भारपणातच उघडकीस येतो, कारण वाढलेल्या रक्ताचा भार त्या हृदयाला पेलत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी.

घरच्यांना एक साधी परीक्षा करता येते. स्त्री शांत बसली असता मिनिटभर तिचे श्वास मोजावेत. नैसर्गिक धापेत ही संख्या फारशी वाढत नाही. ती 20 हून अधिक भरली, तर डॉक्टरांना दाखवणे इष्ट. मात्र संख्या कमी भरली, तरी वरील लक्षणांपैकी एखादे असल्यास तेवढ्यावर विसंबू नये. ‘असे व्हायचेच’ हे शब्द धीर देण्यासाठी चांगले आहेत. पण ते श्वास मोजून पाहिल्यानंतर उच्चारावेत, त्यापूर्वी नव्हे.