स्टाउटला घाईत मार्क देऊ नका

आज आधी कबुलीजबाब. मागच्या डिसेंबरमध्ये एका ओटमील स्टाउटला मी ॲपवर ५ पैकी २ दिले. वर लिहिलं, 'पाणचट.' ग्लास बर्फगार होता. गप्पांच्या नादात अर्धा तसाच राहिला. वीसेक मिनिटांनी घोट घेतला, तर भाजलेली कॉफी, मागून डार्क चॉकलेट! बिअर तीच होती, चूक माझी.

झालं काय, तर आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो, आणि थंड बिअरमधून वास कमी उडतो. लागर ५ अंशांना मस्त लागते. स्टाउटला १०-१२ तरी हवेत. आणि हो, तो कॉफीचा वास बहुतेक वेळा काळपट भाजलेल्या बार्लीचा असतो, त्यात कॉफी नसतेच.

पुण्यात २००९ला डूलाली सुरू झालं (नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय!). म्हणजे ताजी एल मिळून इतकी वर्षं झाली, तरी आपली ऑर्डर 'एकदम चिल्ड' हीच. जानेवारीत बाहेर स्वेटर घालून फिरतोय, मग चिल्ड कशाला रे?

आता मी छोटा ग्लास मागवतो, तळहातांत धरून बसतो. आधी वास, मग घोट. मार्क तिसऱ्या घोटानंतर. येताना-जाताना रिक्षा.

त्या २ चे ४ केलेत.