विश्लेषण : अंगावर ॲसिड सांडले तर सोडा की पाणी?

शौचालय साफ करताना ॲसिडची बाटली हातातून निसटते, पायावर शिंतोडे उडतात आणि घरातल्या कुणाला तरी शाळेतला धडा आठवतो : आम्लावर आम्लारी घातली की आम्लाचा जोर संपतो. लगेच स्वयंपाकघरातून खाण्याच्या सोड्याचा डबा येतो. धड्यातले विज्ञान खरे आहे. तरीही अशा वेळी धाव नळाकडेच घ्यायला हवी. असे का?

उदासिनीकरण म्हणजे काय?

आम्ल पाण्यात हायड्रोजनचे आयन सोडते; आम्लारी, म्हणजे इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा ‘बेस’, हायड्रॉक्साइडचे. हे दोन आयन एकत्र आले की पाणी बनते आणि उरलेल्या भागांचा क्षार होतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा यांची योग्य प्रमाणात गाठ पडली, तर शेवटी उरते फक्त मिठाचे पाणी.

कळीचा शब्द आहे ‘योग्य प्रमाण’. बारावीच्या प्रात्यक्षिकात ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडतात, ते त्यासाठीच. थोडे कमी पडले तर आम्ल शिल्लक राहते, जास्त झाले तर आम्लारी. पायावर नेमके किती ॲसिड सांडले, हे त्या घाईत मोजणार कोण?

उष्णतेचा हिशेब

दुसरी अडचण उष्णतेची. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी एकत्र येताना दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक मोलर तीव्रतेची दोन्ही द्रावणे सारख्या प्रमाणात मिसळली तर तापमान साधारण ७ अंशांनी वाढते. तीच द्रावणे पाचपट तीव्र घेतली, तर वाढ ३० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे खोलीच्या तापमानाचे द्रावण ६० अंशांच्या आसपास पोहोचते. आधीच पोळलेल्या त्वचेला हा दुसरा चटका.

खाण्याच्या सोड्याबाबत मात्र उष्णतेची भीती फारशी नाही. तो सौम्य आहे, ॲसिडवर पडताच कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो. त्याचा तोटा वेगळा : डबा शोधण्यात, लेप लावण्यात वेळ जातो आणि तेवढा वेळ ॲसिड त्वचेवरच राहते. वाहते पाणी ॲसिड पातळ करते, धुऊन नेते आणि सोबत उष्णताही नेते. म्हणून ॲसिड लागलेले कपडे काढत किमान २० मिनिटे वाहते पाणी सोडावे. ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठीही पहिला उपचार हाच.

उलट बाजू अधिक घातक

तुंबलेली मोरी मोकळी करणारा कॉस्टिक सोडा किंवा तंबाखूसोबतचा चुना ही उलट बाजू. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळण्याची चूक होऊ शकते. खरे तर आम्लारीची इजा बहुतेकदा जास्त खोल जाते. आम्लामुळे त्वचेतील प्रथिने गोठतात आणि त्या थराने आम्लाचा पुढचा शिरकाव काहीसा अडतो. आम्लारी मात्र चरबीचा साबण करते, प्रथिने विरघळवते आणि आत उतरत राहते. लहान मुलाच्या हातात चुन्याची पुडी फुटून चुना डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते. पापण्या उघड्या धरून लगेच पाण्याने धुणे आणि धुणे न थांबवता डॉक्टर गाठणे, एवढेच करावे. अंगावर कोरडी चुन्याची भुकटी पडली असेल, तर आधी ती झटकावी, मग भरपूर पाणी.

मग हे ज्ञान उपयोगी कुठे?

जिथे प्रमाण आणि वेग हातात असतो तिथे. महामार्गावर ॲसिडचा टँकर उलटल्यावर सांडलेल्या ॲसिडवर चुना किंवा सोडा ॲश टाकतात. कारखान्यांतील सांडपाणी सोडण्यापूर्वी त्याचा सामू तपासून ते उदासीन केले जाते. ॲसिडिटीवरच्या औषधात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असते. ते पाण्यात जेमतेम विरघळत असल्याने जठरातील आम्लाशी हळूहळू भिडते.

पण ही सोय पोटात तयार होणाऱ्या आम्लापुरतीच. बाटलीतले ॲसिड कुणी गिळले, तर सोडा पाजू नये. गॅसने जठर ताणले जाऊन फाटण्याचा धोका असतो. उलटीही करवू नये, कारण अन्ननलिका पुन्हा भाजते. थेट रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. आत कोणते रसायन होते, हे डॉक्टरांना लेबलवरून कळते.