गवतावर चालणारी शर्यतीची गाडी

फ्रान्समधल्या ल मान्स इथे १९२३च्या मे महिन्यात मोटारींची एक अजब शर्यत झाली. चोवीस तास, दिवसरात्र, त्याच रस्त्यावर! क्षणभर सुसाट कोण सुटतं हा प्रश्नच नव्हता. न मोडता पळत कोण राहतं, ते बघायचं होतं. सगळ्यात लांब गेलेल्या गाडीने २,२०९ किलोमीटर कापले. २०१० साली तिथेच एका ऑडीने ५,४१० कापले.

असली दमाची गाडी आपल्या वर्धा जिल्ह्यात १९२३च्याही फार आधी तयार होती. ती कडबा खायची, एवढाच फरक.

तिचं नाव गवळाऊ बैल. पांढरा किंवा राखी रंग, सडपातळ अंग, लांबुडका चेहरा, आखूड शिंगं. मराठ्यांच्या फौजांना झपाट्याने माल हलवायला ही जात घडली, असं जाणकार सांगतात. तो ओढायचा ओझ्याची बंडी, माणसांची रेंगी नाहीतर दमणी. जिल्ह्यातल्याच गिरडला शेख फरीदबाबांच्या टेकडीवर यायचं, तर मोटारींच्या आधी दुसरं होतं काय?

आता विचार करा. गवतात आहे काय? बराचसा सेल्युलोज. ते तुम्हा-आम्हाला पचत नाही, आणि खरी गंमत अशी की बैलालाही पचत नाही! त्याने त्यासाठी बिऱ्हाडकरू ठेवलेत. मोठ्या गुराच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर लिटरच्या आसपास असतो, आणि त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव कडबा आंबवत बसलेले असतात. थेट गोबरगॅसची टाकीच. मिथेनसुद्धा तोच, फक्त इथे तो ढेकरेवाटे जातो. या आंबवणातून निघणाऱ्या आम्लांवर जनावराची बहुतेक गरज भागते. आतड्यातून साखर जवळजवळ मिळतच नाही. लागेल ती यकृत त्याच आम्लांपासून बनवतं. म्हणजे सकाळी खाल्लेली वैरण दिवसभर थेंबाथेंबाने इंधन पुरवत राहते. ल मान्सच्या गाडीला मात्र टाकी भरायला पुन्हा पुन्हा थांबावं लागतं.

इंजिन तापतं, त्याचं काय? विदर्भातलं ऊन तर जगजाहीर. पण देशी गुरांच्या घामाच्या ग्रंथी विलायती गुरांपेक्षा मोठ्या असतात. वर पांढरी लव ऊन परतवते, खाली काळसर कातडी उरलेल्या किरणांना अडवते.

पायाकडे बघा. मांसल स्नायू सगळे वर, मांडी-खांद्याशी. गुडघ्याखाली हाडं आणि ताणले की परत उसळणारे लांब स्नायुबंध. टोकाला हलका असलेला पाय भराभर उचलता येतो. खूर दुभंगलेला, त्यामुळे काळ्या मातीत तो फाकतो आणि कमी रुततो. मात्र नालबंदाचं काम दुप्पट. घोड्याला चार नाला पुरतात, बैलाला आठ लागतात, प्रत्येक पायाला दोन! शिवाय घोडा उभ्याने नाल ठोकून घेतो. बैलाला आधी दोरानं पाय बांधून आडवं पाडायचं, मगच हातोडी उचलायची.

रस्ते झाले, एसटी आली, रेंग्या गेल्या. धावणारा बैल उरला तो शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. चाबूक-काठीला मनाई आहे, आणि ती हवीच होती. हलक्या छकडीला जुंपलेली जोडी सुटते, धुरकरी ओरडतो, आणि लोक टाळ्या वाजवेस्तोवर सगळं संपलेलंही असतं. घड्याळ सेकंदाचे तुकडे मोजतं.

मला विचाराल तर इथे परीक्षा चुकीच्या विषयाची होते. एवढ्या छोट्या धावेला लागणारी ताकद स्नायूंत आधीच साठवलेली असते. पोटातल्या त्या प्रचंड टाकीला त्या काही सेकंदांत हातभार लावायला वेळच मिळत नाही. तिची खरी कसोटी लागते चार-पाच कोस चालून झाल्यावर, आणि शंकरपट तेवढा लांब नसतो.