मुलांचा प्रोजेक्ट आणि आईचे चार प्रश्न

मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगच्या नाहीतर बीसीएच्या शेवटच्या वर्षाला गेली, की घरात एक नवा शब्द मुक्कामाला येतो – 'प्रोजेक्ट'. तीन-चार जणांचा गट करायचा, एखादं सॉफ्टवेअर आखून तयार करायचं, मार्गदर्शक प्राध्यापकांना अधूनमधून दाखवायचं आणि शेवटी परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. "आपल्याला त्यातलं काय कळतंय!" म्हणत आपण चहाचे कप आत ठेवतो आणि दार लोटून घेतो.

पण भगिनींनो, असे प्रोजेक्ट पुष्कळदा अडतात ते संगणक येत नाही म्हणून नव्हे, तर चार माणसांचं काम एकत्र जुळवता येत नाही म्हणून. आणि ही विद्या तर आपल्या रोजच्या सरावातली! तेव्हा पुढचे चार प्रश्न खुशाल विचारा.

पहिला प्रश्न – नेमकं काय करणार? समजा, वाचनालयासाठी ॲप करायचं आहे. सभासदांची नोंद, पुस्तकांची देवघेव आणि उशिराचा दंड, एवढं झालं तरी पुरे. पण उत्साहाच्या भरात पक्वान्नं वाढत जातात आणि वरणभातच कच्चा राहतो. काय करायचं नाही, तेही पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहायला सांगा.

दुसरा – कोण काय करणार? एक जण हुशार असला की सारा भार त्याच्यावर, बाकीचे नुसते नावाला! मुलींच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. "रिपोर्ट तू लिही हं, तुझं छान असतं," असं गोड बोलून प्रोग्रॅमिंग मुलगे आपसांत वाटून घेतात. रिपोर्ट महत्त्वाचा खराच, पण उद्या नोकरीच्या मुलाखतीत "तू स्वतः काय बनवलंस?" असं विचारलं तर तिने काय सांगायचं? रिपोर्टची प्रकरणं सगळ्यांनी वाटून घ्यावीत आणि प्रोग्रॅमचा एक भाग लेकीने स्वतः करावा. तुम्ही मुलाच्या आई असाल, तर हे त्यालाही समजावा बरं का!

तिसरा – जोडणी कधी करणार? चौघांनी चार भाग आपापल्या घरी करायचे आणि परीक्षेच्या तोंडावर जोडायचे, हा हमखास फसणारा बेत. एकाने तारीख एका पद्धतीने लिहिलेली असते, दुसऱ्याने दुसऱ्या! म्हणून दर आठवड्याला सगळं जोडून चालवून पाहावं. त्यासाठी 'गिट' नावाची फुकट मिळणारी सोय आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद तीत राहते, बिघडलं तर मागे जाता येतं.

चौथा – दुसऱ्या कोणी वापरून पाहिलं का? अपोलो चांद्रयानाच्या सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन आपल्या लहान मुलीला कधीकधी प्रयोगशाळेत नेत. खेळता खेळता तिने भलतीच बटणं दाबली आणि उड्डाणाची नक्कल करणारी यंत्रणा बंद पडली. "अंतराळवीर अशी चूक करणार नाहीत," असं सांगून वरिष्ठांनी बंदोबस्त करू दिला नाही. पुढे डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या प्रत्यक्ष उड्डाणात एका अंतराळवीराकडून तीच चूक झाली! तेव्हा मुलांचं ॲप आजीच्या हाती द्या, स्वतः वापरा. तुम्ही जिथे अडाल, तिथे दुरुस्ती हवी.

आणि एवढं करूनही उशीर झालाच तर? शेवटच्या आठवड्यात मित्रांची फौज बोलावू नये. आयबीएममध्ये मोठं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालच्या पुस्तकात सांगून ठेवलंय, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसं घातली तर ते आणखी रखडतं. चौघांत बोलणी जुळवायच्या जोड्या ६ होतात. आणखी दोघं आले की १५! शिवाय नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो तो वेगळाच. त्यापेक्षा एखादी सोय गाळावी.

आयता प्रोजेक्ट विकत आणायचा मोह मात्र कटाक्षाने टाळायला सांगा. तोंडी परीक्षेत दुसराच प्रश्न आला की उसनं ज्ञान उघडं पडतं. उलट स्वतःच्या हातचं साधंसं ॲप असलं, तरी त्यातली ओळन् ओळ मूल छातीठोकपणे समजावून सांगतं. चौघांबरोबर काम कसं करावं हेही ते शिकतं, आणि नोकरीत काय, संसारात काय, तेच पुढे उपयोगी पडतं.