दशांश ते सामायिक निधी : इंग्लंडमधील पॅरिश धर्मगुरूंचा निर्वाह

चर्च ऑफ इंग्लंड हे राज्यमान्य चर्च असले आणि त्याचे सर्वोच्च प्रमुखपद राजाकडे असले, तरी त्यातील पॅरिश धर्मगुरूंना सरकारी तिजोरीतून वेतन मिळत नाही. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील गाव किंवा शहरातील वस्ती. आणि त्याला मिळणारा ‘स्टायपेंड’ म्हणजे पोटापाण्याची विवंचना न राहता सेवा करता यावी म्हणून राहत्या घरासह दिले जाणारे निर्वाहवेतन. हा पैसा कोणी द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीन शतकांत पुरते पालटले आहे.

मध्ययुगात हे उत्पन्न त्या त्या गावच्या जमिनीतूनच निघे. शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, चर्चला देणे बंधनकारक होते; शिवाय आपल्याकडील देवस्थान इनामासारखी ‘ग्लीब’ नावाची जमीन धर्मगुरूच्या निर्वाहासाठी राखलेली असे. संपूर्ण दशांशाचा धनी तो रेक्टर. परंतु असंख्य पॅरिशांचे रेक्टरपद मठांनी आपल्याकडे घेतले, धान्याचा मोठा दशांश स्वतःकडे ठेवला आणि प्रत्यक्ष सेवेसाठी व्हिकर नेमून त्याला कोकरे, अंडी, फळे यांचा लहान दशांश दिला. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, तेव्हा हे हक्क गावाकडे परतण्याऐवजी राजाकडे आणि त्याच्याकडून जमीनदारांकडे गेले. गावचे धान्य जमीनदाराच्या कोठारात आणि गावचा व्हिकर अर्धपोटी, या स्थितीचे मूळ तेथे आहे. शेजारशेजारच्या दोन पॅरिशांच्या उत्पन्नातही जमीन-अस्मानाचे अंतर असे.

त्यावरचा पहिला मोठा उपाय १७०४ मध्ये ॲन राणीने केला. नव्या धर्मगुरूचे पहिल्या वर्षाचे उत्पन्न आणि त्यानंतर दरवर्षी दहावा भाग पूर्वी पोपकडे जाई. १५३४ मध्ये हेन्रीने तो राजाकडे वळवला होता. राणीने ही रक्कम गरीब धर्मगुरूंसाठी सोडली आणि तिच्या व्यवस्थेसाठी ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ ही संस्था स्थापन झाली. वार्षिक दहा पौंडांहून कमी उत्पन्नाच्या पॅरिशांचा आधी विचार होई, त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या जात आणि निघालेल्या पॅरिशच्या नावे दोनशे पौंड मंजूर होत; ती रक्कम हातात न देता तिच्यातून जमीन घ्यायची आणि तिचे उत्पन्न धर्मगुरूला द्यायचे, असा नियम होता. एखाद्या दात्याने स्वतःचे दोनशे पौंड घातले, तर मात्र चिठ्ठीविना तेवढीच भर मिळे, त्यामुळे धनवान आश्रयदाता असलेली गावे पुढे सरकली. जमीन मिळेपर्यंत पडून असलेला पैसा बाउंटीने साउथ सी कंपनीत गुंतवला, आणि ही कंपनी आफ्रिकेतील गुलाम अटलांटिकपार नेऊन विकत होती. दरिद्री व्हिकरच्या भाकरीत माणसांच्या विक्रीचा पैसा मिसळला होता, हे चर्चने जानेवारी २०२३ मध्ये जाहीरपणे मान्य केले आणि त्यासंदर्भात दहा कोटी पौंडांचा निधी घोषित केला. इतकी वर्षे हे कोणी तपासून पाहिले नव्हते, ही त्यातील अधिक क्लेशकारक बाब.

१८३६ मध्ये दशांश धान्याऐवजी धान्याच्या सरासरी भावावर ठरणाऱ्या रोख रकमेत देण्याचा कायदा झाला. त्याच काळात हिंदुस्थानात मात्र अगदी निराळा न्याय लागू होता. १८१३ च्या सनदेने कलकत्त्याच्या बिशपला वार्षिक पाच हजार पौंड आणि मुंबईसह तीन इलाख्यांच्या आर्चडीकनांना, म्हणजे बिशपच्या दुय्यम अधिकाऱ्यांना, प्रत्येकी दोन हजार पौंड ठरवून दिले. पुढे १८३७ मध्ये टॉमस कार मुंबईचे पहिले बिशप झाले. हा सारा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून होई. म्हणजे जे ओझे इंग्लंडच्या तिजोरीने उचलले नाही, ते ज्याला त्या चर्चची पायरीही चढायची नव्हती अशा दख्खनच्या रयतेच्या शेतसाऱ्यावर टाकले गेले. हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च १९३० मध्ये इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले.

इंग्लंडमध्ये दशांशाचा शेवट कडवटपणे झाला. धान्याचे भाव कोसळले असतानाही १९२५ च्या कायद्याने आकारणी स्थिर ठेवली, आणि नुकत्याच कर्ज काढून जमिनी घेतलेल्या शेतकऱ्यांनी ती देण्यास नकार दिला. सफोकमधील एल्म्सेट येथे १९३२ मध्ये ३८५ पौंडांच्या दशांशापोटी बाळाच्या बिछान्यासह घरसामान, दुभती जनावरे आणि धान्याच्या गंजी जप्त झाल्या. त्या मालाची किंमत बाराशे पौंड होती. शेतकऱ्याने १९३४ मध्ये हा सारा तपशील कोरलेला स्मारकस्तंभ चर्चच्या समोरच उभारला आणि तो आजही तेथे आहे. १९३६ मध्ये दशांशाकार रद्द होऊन चर्चला सरकारी रोखे मिळाले.

१९४८ मध्ये बाउंटी आणि एकोणिसाव्या शतकातील एक्लेसिॲस्टिकल कमिशनर्स यांच्या विलीनीकरणातून ‘चर्च कमिशनर्स’ ही संस्था झाली, आणि १९७८ मध्ये सर्व ग्लीब जमिनी धर्मप्रांतांच्या वित्तमंडळांकडे गेल्या. श्रीमंत-गरीब पॅरिशांमधील जुनी दरी बुजवणारे हे पाऊल न्यायाचेच होते. पण ज्या गावात उत्पन्न निघते तेथील धर्मगुरूचा त्यावरचा थेट हक्क त्याने संपवला. १९९० च्या सुमारास मालमत्तेच्या व्यवहारांत कमिशनर्सना सुमारे ऐंशी कोटी पौंडांचा फटका बसला, आणि १९९८ पासूनच्या सेवेच्या निवृत्तिवेतनाचा भार धर्मप्रांतांवर आला. आज धर्मगुरूंचे वेतन मुख्यतः ‘पॅरिश शेअर’मधून, म्हणजे उपासकांच्या देणग्यांतून प्रत्येक पॅरिशने धर्मप्रांताच्या सामायिक निधीत भरलेल्या वाट्यातून निघते. उपासकांची संख्या आणि वस्तीची ऐपत पाहून हा वाटा बहुधा ठरवला जातो. तो भरण्याची कायदेशीर सक्ती नाही, मात्र निधीत तूट आली की रिकाम्या जागा रिकाम्याच राहतात आणि एका धर्मगुरूकडे अनेक गावे येतात.

दुसरीकडे कमिशनर्सचा निधी दहा अब्ज पौंडांच्या वर आहे. त्यातील अधिक पैसा थेट पॅरिशांना मिळावा, अशी मागणी ‘सेव्ह द पॅरिश’ चळवळ २०२१ पासून करते आहे. पुढच्या पिढ्यांसाठी मुद्दल राखणे हे आपले कर्तव्य असल्याचे कमिशनर्स सांगतात. कमिशनर्सचे म्हणणे अनाठायी नाही. परंतु या निधीचा एक मूळ स्रोत असलेली बाउंटी गरीब पॅरिशांसाठीच निर्माण झाली होती, त्यामुळे त्यावर पहिला हक्क अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांमधील धर्मगुरूंचा आहे, आणि आजच्या वाटपाची कसोटीही तीच असायला हवी.