कीटकांच्या शरीरपेशींतील लघु आरएनएंची राखण

बोंडअळी बीटी प्रथिनाला दाद देईनाशी होते, तेव्हा तिच्या जनुकांत नेमके काय घडलेले असते? अमेरिकेतील तंबाखूवरील कळी पोखरणाऱ्या अळीत याचे एक उत्तर २००१ मध्ये मिळाले. बीटी प्रथिन आतड्यातील ज्या कॅडहेरिनला चिकटते, त्याच्या जनुकात एक चल डीएनए घटक घुसून ते निकामी झाले होते. भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळीतही या जनुकातील विविध बिघाड २०१४ मध्ये नोंदले गेले.

चल घटक म्हणजे जनुकसंचात जागा बदलणारे किंवा स्वतःच्या प्रती पेरणारे डीएनएचे तुकडे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ते मक्यात प्रथम ओळखले. त्याबद्दल त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जननपेशीतील उडीचा परिणाम पुढील पिढीत उतरतो, तर शरीरपेशीतील उडी त्याच कीटकाला बाधते. त्यामुळे दोन्हीकडे राखण आवश्यक ठरते.

फळमाशीच्या शरीरपेशींत चल घटकापासून दुपदरी आरएनए तयार झाला की डायसर-२ हे विकर त्याचे सुमारे २१ न्यूक्लिओटाइड लांबीचे तुकडे करते. आर्गोनॉट-२ हे प्रथिन त्यांतील एक पदर खूण म्हणून धारण करते आणि त्याच्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए कापून टाकते. संदेशच नष्ट झाल्याने घटकाची हालचाल रोखली जाते. पायआरएनए हे किंचित लांब रेणू मुख्यतः जननग्रंथींचे रक्षक मानले जात. मात्र २०१८ मध्ये २० संधिपाद प्रजातींच्या अभ्यासात बहुतेकांच्या शरीरपेशींतही ते चल घटकांविरुद्ध कार्यरत आढळले.

दुपदरी आरएनए कापणारी हीच यंत्रणा कीडनियंत्रणासाठी वापरता येते. कीटकाच्या अत्यावश्यक जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए त्याच्या पोटात गेल्यास ते जनुक निःशब्द होते. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी ‘लेडप्रोना’ची अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी झाली. पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात मात्र असा आरएनए लवकर विघटित होतो. परिणामी यश अनिश्चित राहते.

म्हणून ‘आरएनए’ नावाने येणाऱ्या उत्पादनाची केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडील नोंदणी आधी तपासावी. कपाशीत बिगर-बीटी आश्रय पीक राखावे, फरदड टाळावी आणि कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत.